मोजणीत न आलेला ठराव

"पण मग कोणाचं कोणाशी जमतं, हे कळायला दुसरं मोजायचं तरी काय, माई?"

वैजयंतीने लॅपटॉप माईंकडे वळवला. मठ सांभाळणाऱ्या माई ओसरीवर पत्रावळी टाचत बसल्या होत्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, काडी दातांत धरली आणि पळसाचं पुढचं पान उचललं.

वैजयंती कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायची. नगरपालिकेच्या सभेत कुठल्या ठरावाला कोणाचे हात वर गेले, हे तिने प्रेक्षकांच्या सज्जात बसून वर्षानुवर्षं टिपलेलं. कोणते दोन नगरसेवक किती वेळा सारखं मत देतात, त्याचा तिने रंगीत तक्ता केला होता. जमतं तिथे हिरवं, फाटतं तिथे लाल. एका परिषदेत त्याला टाळ्याही पडल्या होत्या. त्या टाळ्या ती अजून अधूनमधून मनात वाजवून बघायची.

"हे हिरवंगार कोण?"

"तांबोळी आणि गुजर. पक्ष वेगळे, पण हात कायम बरोबर वर. यामागचं कारण शोधणं हाच माझा पुढचा अभ्यास."

"एकाच गटाराकाठी राहतात दोघं," माई म्हणाल्या. "तुंबलं की दोघांच्याही घरात शिरतं."

वैजयंती हसली. एवढा अभ्यास करून हे तिला सुचलं नव्हतं.

"आणि ही लाल ओळ?"

"ती... शैलाताई."

शैलाताई म्हणजे तिची सख्खी थोरली बहीण. नगरसेविका. आईला शेवटी दवाखान्यातच ठेवायचं की घरी आणायचं, यावरून दोघींचं वाजलं, ते आई गेली तरी मिटलं नाही. गाव एक, बोलणं बंद. सज्जात अभ्यासासाठी बसते, असं वैजयंती सगळ्यांना सांगायची. तिथून ताईचा अंबाडा दिसतो, हे नाही सांगायची.

"तिचं कोणाशीच जमत नाही, माई. मी नाही, आकडे सांगतात."

"आणि हे सांगायला एवढ्या उन्हाची आलीस?"

वैजयंतीने तक्ता उगाच वर-खाली सरकवला.

"सगळे ठराव घेतलेस यात?"

"हात मोजले गेले तेवढे सगळे. ज्याला विरोधच नाही, तो तसाच मंजूर होतो. त्यात मोजायचं काय?"

"कसले असतात असले ठराव?"

"काहीही. चौकाला नाव द्यायचं. दिवाबत्ती. अभिनंदनाचे, शोकप्रस्ताव..."

माईंचा हात थांबला.

"तुमच्या आईचा झाला होता?"

"झाला. नगरसेविकेची आई, म्हणून घेतला."

"तू होतीस?"

"वर सज्जात."

"मग?"

"मग काय, माई! नगराध्यक्षांनी नाव वाचलं. सगळे उठून उभे राहिले, गप्प. नगराध्यक्ष म्हणाले, बसा. बसले सगळे."

"सगळे?"

वैजयंतीने लॅपटॉप मिटला. मिटताना त्यात तिची ओढणी अडकली, ती सोडवायला तिला जरा वेळ लागला.

"ताई नाही बसली."

"आणि तू?"

"तिचा अंबाडा सुटत आला होता, माई. आईच घट्ट घालून द्यायची... म्हटलं, ती बसली की मग बसू."

"कोण बसलं आधी?"

"शिपायाने येऊन तिला हाताला धरून बसवलं. मला सज्जात कोण येतंय बसवायला..."

आतून भाताचा वास येत होता. मठात दर पौर्णिमेला पंगत असते. शैलाताई एकही पौर्णिमा चुकवत नाही, म्हणून वैजयंती त्या दिवशी मठाकडे फिरकायची नाही. आज पौर्णिमेला कशी, असं कोणी विचारलंच, तर तिथीत घोटाळा झाला म्हणून सांगायचं, हे तिने रिक्षातच ठरवून टाकलं होतं.

पण माईंनी ते विचारलंच नाही.

फाटकाची कडी वाजली. कोणीतरी चपला काढत होतं, काढताना डावी चप्पल नेहमीसारखी आपटत होतं. वैजयंतीने मान वर केली नाही.

माई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. एक पत्रावळ त्यांनी भिंतीकडेला मांडली.

"हे शैलाचं," त्या म्हणाल्या.

मग दुसरी हातात धरून त्या वैजयंतीकडे वळल्या.

"तुझं पान कुठं मांडू गं?"