बटाट्याची फोड

“आणखी किती ओतू, चाचा? पंधरा लिटर? वीस? अहो, बोला ना काहीतरी!”

दस्तगीरचाचा बटाटा सोलत होते. सोलतच राहिले.

इचलकरंजीच्या त्या रंगखान्याचं सांडपाणी ते सव्वीस वर्षं सांभाळत होते. शिक्षण चौथी. समोर उभ्या होत्या डॉ. वृंदा तेरदाळे. वय चव्वेचाळीस, पीएच.डी. नेमकी सांडपाण्यातच, आणि हे कुणी विसरू नये म्हणून हेल्मेटवरचं नावसुद्धा ‘डॉ.’सकट.

पद्धत त्यांनीच बसवलेली. पाण्यात लोखंडाचा क्षार घालायचा, वर पेरॉक्साइड सोडायचं. दोघं मिळून रंगाचा पार चुराडा करतात. पाणी काचेसारखं झालंही होतं. पण सीओडी, म्हणजे घाणीचा आकडा, खाली यायचं नाव घेईना.

पाच वाजता प्रदूषण मंडळाचा माणूस नमुना न्यायला येणार होता. आकडा अडीचशेच्या वर गेला की रंगखान्याला टाळं. नव्वद माणसं घरी.

“सकाळी तीनशे दहा होता. दहा लिटर ओतलं, तर तीनशे सत्तर! परत दहा ओतलं, आता चारशे चाळीस! हे पाणी आहे का माझा मुलगा? जितकं समजवावं तितकं उलटं!”

“ओरडून बघितलं का?”

“चाचा!”

“न्हाई, म्हटलं तेवढंच ऱ्हायलं असंल.”

वृंदाताईंनी दात-ओठ खात पेरॉक्साइडचा कॅन उचलला.

“थांबा. त्या गिलासात काय हाय?”

“बाहेर जाणारं पाणी. आत्ताच भरलंय, तपासायला.”

चाचांनी बटाट्याची एक फोड कापली आणि ग्लासात टाकली.

“अहो! तो नमुना होता!”

“व्हय.”

...

फोड तळाला जाऊन बसली. मग तिच्या अंगावर एक बुडबुडा आला. मग दहा. मग फोडीला फेसाची दाढीच फुटली.

वृंदाताईंनी कॅन हळूच खाली ठेवला.

साध्या पाण्यात बटाटा नुसता पडून राहतो. फेस येतो तो पेरॉक्साइडमध्ये. दरवर्षी त्या हे कॉलेजच्या पोरांना करून दाखवायच्या. आणि उरलेलं पेरॉक्साइड सीओडीच्या तपासणीत घाण म्हणूनच मोजलं जातं, हेही कुठंतरी वाचलं होतं. कुठं बरं? ... प्रबंधात. एकशे बाराव्या पानावर, तळटीप. त्यांच्याच प्रबंधात.

“म्हणजे घाण सकाळीच गेली होती?”

“मला काय ठावं? मी चौथी शिकल्याला.”

“मग दिवसभर मी जे मोजत होते, ते...”

चाचा उठले, पेरॉक्साइडचा पंप बंद केला, उरलेलं मोडायला टाकीत चुन्याची निवळी सोडली, हवेची मोटर चालू केली. टाकी बुडबुडायला लागली.

“पाचपर्यंत उडून जाईल?”

“जाईल की. कुणी हात न्हाई लावला तर.”

वृंदाताईंनी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं. टाकी बघितली. परत घड्याळ बघितलं. हात आपोआप कॅनच्या कडीकडे गेला, अर्ध्यातून मागे आला.

“आणि तोपर्यंत मी काय करू, चाचा?”

चाचांनी त्यांच्या हातात सुरी दिली. पुढ्यात चार बटाटे ठेवले.

“सोला. टाकीकडं पाठ करून.”