लागेल ते सगळं पाकिटात

एका बाजाराच्या गावात एक भोळा छापखानेवाला होता. जोतिराम त्याचं नाव. माणूस सरळ, पण इतका सरळ, की सांगितल्या शब्दाच्या बाहेर पाऊल टाकायचा नाही.

त्याच्या लेकीचं लग्न ठरलं. बायको इंदिरा म्हणाली, "पत्रिका अशी काढा की मांडव गच्च भरला पाहिजे."

जोतिरामने पत्रिकेसाठी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम संगणकावर उतरवला. तो चालेना. म्हणे, आधी अमका प्रोग्रॅम टाका. तो टाकला, तर त्याला तिसरा हवा. तिसऱ्याला चौथा. जोतिराम रडकुंडीला आला. शहरातल्या मेव्हण्याला, बाजीरावला, फोन लावला.

"दाजी, घाबरू नका," बाजीराव म्हणाला. "कशाला काय लागतं ते बघत पार मुळाशी जा. तिथून एकेक करत वर या."

जोतिरामने फोन ठेवला तोच व्याही दारात. "व्याही, चहा तरी पाजा!"

चहाला दूध लागतं. दुधाला म्हैस. म्हशीला वैरण. जोतिराम विळा घेऊन शेताकडे निघाला. उन्हं कलताना भारा घेऊन परतला, तर व्याही कोरड्या घशाने निघून गेलेले.

"अहो, शेजारून पेलाभर दूध आणायचं की!" इंदिरा कडाडली.

"आणलं असतं गं. पण त्यांच्या म्हशीने काय खाल्लंय ते मला कुठे ठाऊक?"

दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम पुन्हा अडला. पुन्हा फोन.

"जुना आणि नवा प्रोग्रॅम एका जागी नांदत नाहीत, दाजी. आधी जुना उपटून काढा."

जोतिरामने काढला. प्रोग्रॅम एकदाचा चालला. पन्नास पत्रिका झाल्या. तेवढ्यात सुतार सांगत आला, "छापखान्याचा नवा दरवाजा सोमवारी बसवतो हो."

नवा येणार! जोतिरामने त्याच दुपारी जुना दरवाजा बिजागऱ्यांसकट उपटला. तो जेवायला गेला आणि गल्लीतल्या शेळ्या आत आल्या. पन्नासच्या पन्नास पत्रिका त्यांनी खाल्ल्या. वर संगणकाची वायरही चावली.

आता मात्र बाजीराव दुसरा संगणक घेऊन स्वतःच आला. त्याने एकच फाईल टाकली, एकदा टिचकी मारली, आणि प्रोग्रॅम सुरू! तासाभरात पत्रिका तयार.

"हे कसं रे जमलं?"

"सोपंय, दाजी. लागेल ते सगळं एकाच पाकिटात भरलंय. घेणाऱ्याने काही शोधायचं नाही, कुठे जायचं नाही. द्यायचं तर असं द्यावं माणसाने!"

हे शब्द जोतिरामच्या काळजात जाऊन बसले. पत्रिका पाकिटात घालताना तो विचार करू लागला. लग्नाला काय लागतं? अक्षता. चिमूटभर टाकल्या. मंगलाष्टकं? पत्रिकेच्या पाठीवर छापली. नवरानवरी? दोघांचा फोटो टाकला. जेवण? बुंदीचे दोन लाडू आणि विडा. आणि खाली ठसठशीत ओळ छापली: 'लागेल ते सगळं सोबत दिलं आहे. कुठेही जाण्याची तसदी घेऊ नये.'

सगळी पाकिटं त्याने स्वतः घरोघर पोचवली.

लग्नाचा दिवस उजाडला. मांडवात नवरी, भटजी आणि पाचशे पानांचा स्वयंपाक. बाकी चिटपाखरू नाही. मुहूर्ताची वेळ झाली, तसा घराघरांतून आवाज उठला, "शुभमंगल सावधान!" खिडक्यांतून अक्षता उडाल्या. पाठोपाठ लाडू खाल्ल्याच्या ढेकरा.

इंदिराच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, माणसं कुठायत?"

"ऐक की!" जोतिराम हरखून म्हणाला. "सगळ्यांनी लग्न लावलं. एकाचंही काही अडलं नाही!"

"आणि नवरदेव? वऱ्हाड अजून कसं आलं नाही?"

"ते कशाला येतील?" जोतिराम म्हणाला. "पहिलं पाकीट त्यांनाच तर दिलं."