धाकू भंडाऱ्याच्या नावानं अंघोळ

"मेलेल्याला मेला लिहिलं, तर यात माझं काय चुकतं, बाबा?"

अंताजी कारकून तावातावानं केसोबाबांकडे आला होता. खाडीकाठच्या त्या कसब्यातला फिरंग्यांचा अंमल मोडून नवं सरकार आलं होतं. जुनं दफ्तर लढाईत जळालं. नवं लिहायचं काम अंताजीकडे. पोरगा हुशार, यात वाद नाही. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

केसोबाबांनीच त्याला मोडी गिरवायला शिकवलेलं. आता ते खाडीवरच्या मठीत एकटे राहत.

"कोण मेला रे?"

"धाकू भंडारी."

"अरे देवा! कधी?"

"फिरंग्यांनी बाटवून त्याला किरिस्ताव केला, नाव दुमिंग ठेवलं ना, तेव्हाच. धाकू तिथंच संपला. घर धाकूचं. या दुमिंगचं कसब्यात काहीच नाही. म्हणजे घर बेवारस. उद्या एका शिलेदाराला देऊन टाकतो."

"आणि आत राहतात ती माणसं?"

"हा दुमिंग आणि त्याची म्हातारी आई. जातील कुठंतरी! दफ्तर चोख पाहिजे, बाबा. तुम्हीच शिकवलंत."

"शिकवलं खरं..."

बाबा उठले. काठी टेकत खाडीत उतरले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी सरळ बुडी मारली.

अंताजी चाटच पडला.

"अहो बाबा! या वाऱ्यात? या वयात?"

"मेल्याची बातमी कानावर आली, अंघोळ नको करायला? ये, तूही उतर. तुमच्या वाडीतले माड तोच चढायचा. शहाळं सोलून पहिलं तुझ्या हातात द्यायचा. विसरलास?"

"विसरलो नाही. पण..."

"पण काय? मेला ना तो?"

अंताजी काठावर उभा राहिला. एक पाय पाण्यात घातला, पुन्हा मागे घेतला. मोठा कारकून, पण घोटाभर पाण्यात उतरवेना त्याला.

"लोक हसतील हो, बाबा. आज सकाळीच धाकू माडावर चढताना साऱ्या आळीनं पाहिलाय!"

बोलून गेला आणि जीभ चावली.

बाबा पाण्यातच उभे होते. दाढीतलं पाणी निथळत होतं. थंडीनं हनुवटी थडथडत होती, पण नजर अंताजीवरून हलली नाही.

"सरकारी शिरस्ता आहे, बाबा." आवाज आता बराच खाली आला होता. "नाव बदललं की जुना माणूस खारीज. मी शिरस्ता मोडू?"

"छे, छे! मोडू कशाला?" बाबा पाण्याबाहेर आले, धोतराचा सोगा पिळत म्हणाले, "फक्त आधी त्याच्या घरी जा. तुझा मुलगा मेला म्हणून म्हातारीला सांग. ती रडली, की मग लिही."