चिताऱ्याची शेळी आणि जत्रेतली रंगपेटी

ही गोष्ट फार जुन्या काळची. इतक्या जुन्या, की तेव्हा शेळ्या बोलायच्या आणि, त्याहून नवल म्हणजे, माणसं त्यांचं ऐकून घ्यायची!

एका गावात एक चितारी राहायचा. धुरानं काळवंडलेली, ओलीनं रंग उडालेली जुनी चित्रं तो पुन्हा उजळून द्यायचा. कुणाच्या काकांच्या पगडीला रंग चढव, कुणाच्या आत्याचा पुसट झालेला कान नव्यानं काढ, असं त्याचं काम. हात मोठा गोड. खोड एकच. दर वर्षी जत्रेत रंगांचा व्यापारी नवी पेटी घेऊन आला, की या गड्याचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही.

त्या वर्षी व्यापारी सकाळपासून ओरडत होता, "चला, चला! एरवी दोन शेळ्यांना मिळणारी पेटी, जत्रेपुरती एका शेळीला! या रंगांनी म्हातारा तरुण दिसतो! उद्या जत्रा उठली की भाव पुन्हा दोन शेळ्या!"

झालं! चितारी धावतच घरी आला आणि गोठ्यातल्या मैनेचं दावं सोडू लागला.

"मालक, कुठे निघालो आपण?" मैना शेळीनं विचारलं.

"अगं, नशीब उघडलं! दोन शेळ्यांची पेटी एका शेळीत मिळतेय. सरळसरळ एक शेळी वाचली!"

मैनेनं गोठ्यात इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "कुठाय ती?"

"कोण?"

"वाचलेली शेळी. मला तर इथे मी एकटीच दिसतेय, आणि मी निघाले जत्रेला."

चिताऱ्याचा हात दाव्यावरच थांबला. त्याला हसूही आलं आणि रागही आला. "तुला काय कळतंय त्यातलं? परवा येसूआजीच्या नातीचं लग्न. मांडवात आजोबांचं चित्र लावायचंय. चुलीच्या धुरानं आजोबा पार दिसेनासे झालेत. जुन्या रंगांनी ते काम व्हायचं नाही."

"जुने म्हणजे गेल्या वर्षीचेच ना? ज्यांच्यापायी माझी आई त्या व्यापाऱ्याकडे गेली?" मैना हळूच म्हणाली. "एकदा ती पेटी उघडून तरी बघा. नाहीच जमलं, तर मी आपल्या पायांनी येते."

चितारी ओशाळला. त्यानं फळीवरून पेटी काढली, धूळ फुंकली आणि कपाळाला हात लावला. बहुतेक कुप्यांच्या तोंडावरचं मेणसुद्धा निघालं नव्हतं! सावळा, गुलाबी, मोतिया, सगळे रंग जिथल्या तिथे बसून होते. संपला होता तो फक्त काळा.

मग तो असा कामाला बसला, की जेवायचंही भान राहिलं नाही. हळूहळू धुराआडून आजोबा बाहेर आले. आधी पगडी, मग गालावरच्या सुरकुत्या, मग पडलेल्या दाताची फट दाखवणारं ते मिश्कील हसू. राहिल्या फक्त डोळ्यांतल्या बाहुल्या.

मैनेचं तांब्याभर धारोष्ण दूध घेऊन चितारी जत्रेत गेला. "पेटी नको, शेठ. काळ्याची एक कुपी द्या."

"आम्ही सुटं देत नाही!" व्यापारी गुरकावला. पण ओरडून ओरडून त्याच्या घशाला कोरड पडली होती. त्यानं एकवार तांब्याकडे पाहिलं, घटाघटा दूध प्यायला आणि मुकाट्यानं कुपी काढून दिली.

लग्नाच्या दिवशी येसूआजी चित्रासमोर कितीतरी वेळ उभी राहिली. चितारी चाचरत म्हणाला, "आजी, तरुण नाही केले हो त्यांना. तसे रंग नव्हते माझ्याकडे."

आजीनं पदरानं डोळे टिपले आणि खुदकन हसली. "बरं केलंस बाबा! तरुण केले असतेस, तर या वयात मी परक्या पोराशेजारी कशी उभी राहिले असते?"

सगळा मांडव हसला. आजी इतकी खूश झाली, की तिनं आपल्या गोठ्यातलं एक पांढरंशुभ्र करडू चिताऱ्याच्या हातात दिलं.

चितारी नाचतच घरी आला. मैनेनं करडाला हुंगलं, चाटलं आणि म्हणाली, "हां मालक, आता दिसली मला ती वाचलेली शेळी!"

म्हणून सांगतो, किती स्वस्त मिळतंय ते मागाहून बघावं. आपल्याला काय लागतंय ते आधी.