उजेडाचा झुपका

“...पण मग ती माझ्याकडे का बघत नाही?”

ऋजुताने हे विचारलं तेव्हा शशिकलाबाई अजून चपलाच काढत होत्या. विशेष मुलांच्या शाळेत त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर त्या मिरजेला भावाकडे राहत आणि कुणी शिक्षिका अडली की तिच्या शाळेत जाऊन येत.

ऋजुता अडणाऱ्यांतली नव्हती. प्रशिक्षणात पहिली आलेली. देणग्या मिळवून तिने शाळेत नजर अधू असलेल्या मुलांसाठी अंधारी खोली उभारली होती. भिंतींना काळे पडदे आणि मधोमध फायबर ऑप्टिकचा दिवा. एका पेटीतून प्रकाशतंतूंचा लांब झुपका निघायचा, मोकळ्या सोडलेल्या केसांसारखा, आणि त्याच्या टोकाटोकाला रंग बदलायचे. दुरून शिक्षक ती खोली बघायला येत. बाईंच्या काळी टॉर्चला रंगीत जिलेटिन पेपर गुंडाळून वर्ग चालायचा, हे ती पाहुण्यांना हसत सांगायची.

हुशार माणसाला प्रश्न उशिरा पडतात, पण पडले की झोपू देत नाहीत. आज ती हसत नव्हती.

“ती म्हणजे कोण?” बाईंनी विचारलं.

“कस्तुरी. सात वर्षांची आहे. डोळे धड आहेत, पण पाहिलेलं मेंदूत नीट उमटत नाही. बोलत नाही. आधी कशावरच नजर ठरायची नाही. आता तंतूंमागे डोळे फिरतात, हात पुढे येतो, लाल-निळा वेगळा काढते.”

“मग छान झालं की.”

“हो... पण दिवाळीनंतर तिच्या वडिलांची बदली आहे. ती जाईल. त्याआधी एकदा, फक्त एकदा तिनं माझ्याकडे बघावं असं वाटतं. शिक्षिकेनं असं काही मागू नये, कळतं मला. पण घरी गेल्यावरही तेच मनात असतं. रोज तिच्यासमोर आशेनं बसते, आणि रोज तशीच उठते.”

बाईंनी चपला कडेला सारल्या.

“माझं काय चुकतंय, बाई?”

“मला काय विचारतेस? मी जिलेटिन पेपरवाली.”

ऋजुता ओशाळली.

“चल,” बाई म्हणाल्या. “मी कस्तुरी. घे माझा तास.”

ऋजुताने पायघोळ काळा झगा चढवला. हातमोजेही काळे.

“हे कशाला?”

“पद्धतच आहे. मुलाला फक्त उजेड दिसावा. शिक्षक मध्ये येऊ नये.”

“बरं.”

दार लागलं. दिवा लागला. बाई मांडी घालून बसल्या. गुडघे कुरकुरले तशी त्यांना दोन शिव्याही घातल्या. ऋजुताने झुपका त्यांच्या मांडीवर ठेवला आणि तासाच्या आवाजात सुरुवात केली, “लाल कुठे आहे? मला लाल दाखव.”

बाईंनी लाल दाखवला नाही. दोन्ही हातांनी झुपका उचलला, चाचपडत पुढे सरकल्या आणि तो ऋजुताच्या गळ्यात टाकला.

काळोखात तिची हनुवटी उजळली. मग ओठ. मग डोळे. बाई बघत राहिल्या.

ऋजुताला हसू आलं. “अगदी तस्संच करता तुम्ही. ती पण झुपका माझ्याच अंगावर टाकते.”

“रोज?”

“झुपका धरायला लागली तेव्हापासून. खोडच आहे तिची.”

“मग तू काय करतेस?”

“काय करणार? काढते आणि परत तिच्या मांडीवर ठेवते. दिवा तिच्यासाठी आहे ना.”

असं म्हणता म्हणता सवयीने तिने झुपका गळ्यातून काढला आणि बाईंच्या मांडीवर ठेवला.

पेटीतला छोटा पंखा तेवढा फिरत होता. लाल गेला, निळा आला...

बाईंनी समोरच्या काळोखात हात लांब केला.

“आत्ता तर होतीस गं... कुठे गेलीस?”