वाफशाआधीची पेरणी

खूप जुन्या काळी एका नदीकाठी गिरजा नावाची बाई राहत होती. त्या वर्षी पूर आला आणि तिचा नवरा वाहून गेला. मागे उरले म्हातारा सासरा, लहानगी छबू, घरामागचा भाजीचा मळा आणि शिंक्यावर टांगलेलं थोडंसं बियाणं.

पूर ओसरला, तरी मळ्यात पाय घोट्यापर्यंत रुतत होता. घरातली नाचणी संपत आली होती आणि गावात कुणाकडेच दुसऱ्याला द्यायला दाणा नव्हता. गिरजाने कुदळ उचलली.

सासऱ्याने मळ्यातली मूठभर माती घेऊन दाबली. तिचा घट्ट गोळा झाला. बोटाने टोचला, तरी फुटेना.

"सूनबाई, अजून वाफसा नाही. माती हातात भुरभुरली पाहिजे. आत्ता खणशील, तर उन्हात तिचा दगड होईल."

"मामंजी, माती थांबेल. पोट कसं थांबेल?"

 त्या दिवसापासून म्हातारा आपली भाकरी छबूपुढे सरकवू लागला. "मला भूकच नाही," म्हणायचा. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या, तसा गिरजाला घास गिळवेना. 'हे असे झिजत असताना मी नुसती बसून राहू?'

एके सकाळी तो झोपलेला पाहून ती मळ्यात उतरली. चिखल तुडवत तिने वाफे पाडले आणि होतं नव्हतं ते बियाणं पेरून टाकलं.

म्हातारा काठी टेकत बांधावर आला. वाफे पाहून तिथेच खाली बसला.

"रागावलात?"

"नाही गं. माझ्यासाठीच केलंस तू."

मग कडक ऊन पडलं. ज्यांनी माती सुकू दिली होती, त्यांच्या वाफ्यांत मेथी वर आली. गिरजाचा मळा मात्र विटेसारखा झाला. तिने नखांनी एक ढेकूळ फोडलं. आत कोंब होते. वर यायला वाट न मिळाल्याने वाकडे होऊन, पिवळे पडून मेलेले.

म्हातारा त्याच सुमारास गेला. शेजाऱ्यांनी आपल्या वाफ्यांतली भाजी दिली, म्हणून छबू जगली. सासऱ्याने उपाशी राहून आपल्याला थांबायला वेळ मिळवून दिला होता आणि तो वेळ आपण मातीत घातला, हे गिरजाला कुणी सांगायची गरज पडली नाही.

लहानथोर सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: माया कितीही खरी असली, तरी अवेळी केलेलं काम नासतंच.