रिबकाच्या मडक्याची आणि बाजेची कहाणी

आटपाट गाव होतं. त्या दिवशी गावावर आभाळ पांढुरकं होतं. वारा कोरडा होता, लिंबाची पानं गळत होती, सावलीतसुद्धा धुळीचा वास होता. राखेचा बुधवार होता, कपाळी राख लावून चाळीस दिवसांचा उपास धरायचा दिवस. येशूराया, ही तुमच्या उपासाची कहाणी, तुम्ही ऐका. बायांनो, तुम्हीही ऐका. हातातलं निवडणं-टिपणं सुरू राहिलं तरी चालेल, कान तेवढे इकडे ठेवा.

गावात बाजा, म्हणजे दोरीच्या खाटा, विणणारा शांतवन होता. त्याची बायको मार्था होती, एकुलती लेक रिबका होती. लेक हाडापेरानं मोठी, अंगानं भरलेली. दोन हंडे एका दमात आणी. जेवायला बसली की आवडीनं जेवे, बोटं चाटी, "आई, आमटी उरलीय का?" म्हणून विचारी. शांतवन दर महिन्याला घरातल्या बाजा तपाशी. रिबकाच्या बाजेला सगळ्यांत खोल झोळ पडे. तो पायथ्याची दोरी ओढून झोळ काढी, हसे आणि म्हणे, "माझी लेक सुखानं निजते."

मग लेक लग्नाची झाली. पहिलं स्थळ आलं. चहा प्यालं, पोरीला वरून खाली पाहिलं, म्हणालं, "थोराड दिसते." मग दुसरं स्थळ आलं. म्हणालं, "आमच्या दाराची चौकट अरुंद आहे हो." मग तिसरं स्थळ आलं. त्यातल्या मामानं पोह्यांची बशी हातात घेतली आणि हसून विचारलं, "पोरीचं पोट भरलं ना? मगच आम्ही खातो." सगळे हसले. मार्थाही हसली, पाहुणे होते म्हणून. रिबका आत चुलीपाशी उभी होती. तिनं ते हसणं ओळखलं.

पाहुणे गेल्यावर मार्था म्हणाली, "पोरी, जरा हात आखडत जा."

त्या गावची एक रीत होती. उपासाचे चाळीस दिवस आले, की घरोघरी चुलीशेजारी एक कोरं मडकं ठेवायचं. आपण आपल्या जेवणातलं जे सोडलं, तेवढं धान्य त्या मडक्यात टाकायचं. ईस्टरच्या सणाला मडकी डोक्यावर घेऊन चर्चला जायचं, धान्य एका राशीत ओतायचं, ज्याच्या घरी चूल पेटत नाही त्याला द्यायचं. चांगली रीत होती. रीतीला नाव ठेवायला जागा नव्हती.

रिबकानं मडकं मांडलं. पहिल्या वर्षी रात्रीची भाकरी सोडली. मडकं गळ्यापर्यंत आलं. ईस्टरला फादरांनी ते उचलून धरलं, म्हणाले, "बघा, पोरीचा त्याग बघा." रिबकाचं तोंड फुललं. अंगावरून बोलणारी तोंडं आज तिचं कौतुक करत होती.

दुसऱ्या वर्षी सकाळचीही सोडली. मडकं काठोकाठ भरलं. बाया आपल्या लेकींना म्हणाल्या, "रिबकासारखं करा."

तिसऱ्या वर्षी मडकं भरून उतू गेलं, म्हणून तिनं दुसरं, मोठं मांडलं. मागच्या ईस्टरला गावाचा उपास सुटला, हिचा सुटलाच नव्हता. कुणी विचारलं तर म्हणे, "मी जेवले." उन्हाळ्यात तिला थंडी वाजे. केस फणीत येत. महिन्याची अडचण येईनाशी झाली. घास तोंडात घेतला की वाळू वाटे. आणि आरशात बघितलं की तिला अजून तोच मामा हसताना दिसे.

मग पुन्हा एक स्थळ आलं. म्हणालं, "पोर अशक्त दिसते, काही दुखणं आहे का?" आणि उठून गेलं.

शांतवन दर महिन्याला बाजा तपाशीच. आपल्या बाजेची दोरी ओढी, मार्थाच्या बाजेची ओढी. रिबकाच्या बाजेपाशी येई, हात फिरवी, वीण ताठच्या ताठ. म्हणे, "यंदा दोरी चांगली लागली." आणि पुढच्या कामाला लागे.

मग ईस्टर आला. रिबकानं मोठं मडकं डोक्यावर घेतलं. चर्चच्या पायरीपाशी गेली आणि तिला अंधारी आली. पोर पडली, मडकं फुटलं, ज्वारी पायरीवरून खाली पसरली. बायांनो, पुढचं मी हळू सांगतो. बाया धावल्या. देवाचं धान्य पायाखाली येऊ नये म्हणून त्यांनी आधी दाणे वेचले.

शेजारची हारूबाई तिथून जात होती. ती काही चर्चची नव्हे. तिचा उपास एकादशीचा. तिनं टोपली खाली ठेवली, वाकली, रिबकाला एकटीनं उचललं. म्हणाली, "अगं मार्थे, ह्या पोरीला वजनच न्हाई. मडकं जड हुतं की ही?"

मग तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "हिचं काळीज थकलंय. खाल्लं नाही तर राहायची नाही." मग सलाईन लागलं, मग घरी आणलं. मार्थेनं पेज केली, रिबकानं तोंड फिरवलं. शिरा केला, तोंड फिरवलं. आवडीची आमटी केली, वाटी हातात धरून पोर रडत बसली.

असं चमचा-चमचा पेज पोटात घालत वर्ष गेलं, राखेचा बुधवार पुन्हा आला. फादर घरी आले. बाजेच्या कडेला बसले. म्हणाले, "मी मडकं बघितलं गं, तुला बघितलं नाही. यंदा तू उपास करायचा नाही."

रिबका म्हणाली, "मग माझ्याजवळ राहिलं काय, फादर? गावानं माझं चांगलं म्हटलं ते तेवढ्यासाठीच."

 फादरांनी तिच्या कपाळी राख लावली आणि ते गेले.

मग हारूबाई आली. रिबका तिला म्हणाली, "मावशी, तू एवढे वसे वसतेस. मला एखादा सांग, ज्यानं घास गिळता येईल."

"सांगंन. पण तू ताटावरून उठशील, घास लपवशील, खोटं बोलशील."

"उठणार नाही. लपवणार नाही. खोटं मात्र बोलेन, मावशी. ते माझ्या तोंडात बसलंय."

हारूबाई हसली. "बोललीस तर बोललीस. मागनं येऊन खरं सांग म्हंजी झालं. ऐक. आजच धर. सकाळी उठावं, तोंड धुवावं, आरशाला काही विचारू नये. तव्यावरची पहिली भाकरी आपल्या ताटात घ्यावी. एकटीनं जेवू नये, कुणाला तरी शेजारी बसवावं. घास मोजू नये. न्हाई गेला तर थांबावं, रडावं, पाणी प्यावं, पुन्हा घ्यावा. कुणी अंगावरनं बोललं तर ताट सोडू नये."

"आणि उद्यापन कधी?"

"ह्याला उद्यापन न्हाई, बाई. जन्मभर जेवायचंय."

रिबकानं वसा घेतला. पहिल्या दिवशी भाकरीची कोर खाल्ली, ती उलटून पडली. मग दुसऱ्या दिवशी भाकरी पदरात लपवली, कुत्रीला घातली आणि संध्याकाळी बापापाशी येऊन म्हणाली, "बाबा, जेवले म्हणाले ते खोटं. कुत्रीनं खाल्ली." शांतवन रागावला नाही. त्यानं आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी तिला दिली, अर्धी हातात धरून बसला. ती घास घेईपर्यंत त्यानं घेतला नाही. आमटी निवली, कालवण निवलं, दोघं बसून होती. मग तिसऱ्या दिवशी तसंच, आणि पुढं तसंच.

गावाला ते रुचलं नाही. पाणवठ्यावर बाया म्हणाल्या, "काय मार्थाबाई, रिबका उपासाच्या दिवसांत बापाच्या ताटात जेवते म्हणे? वरीस-वरीस उपाशी राहणारी पोर, आताच भूक लागली?" मार्था घरी आली, तोंड झाकून रडली. लेकीला म्हणाली, "अगं, निदान मूठभर तरी टाक मडक्यात. चार माणसांत मला तोंड दाखवायचंय."

रिबकाचा हात ज्वारीकडे गेला. बायांनो, तो हात कुठवर जाणार होता, हे शांतवनला आता कळत होतं. त्यानं चुलीशेजारचं यंदाचं मडकं उचललं आणि उपडं ठेवलं. आयुष्यात कधी बायकोला मोठ्यानं बोलला नव्हता, त्या दिवशीही नाही बोलला. फक्त म्हणाला, "मार्था, तीन वर्षं आपलं मडकं आपल्या पोरीनं भरलंय. तू ते पुन्हा मागू नकोस."

मग ईस्टर आला. रीत होती, मडकं न्यायलाच हवं. शांतवननं स्वतः डोक्यावर घेतलं. रांगेत उभा राहिला. सगळ्यांनी ओतलं. याची पाळी आली, यानं मडकं तिरपं केलं, आतून काही पडलं नाही. मागून कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "यंदा काय, उंदरांनी खाल्लं?"

शांतवन म्हणाला, "यंदा माझ्या लेकीनं खाल्लं."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणी जागा करून दिली नाही. फादरांनी रिकाम्या मडक्यावर हात ठेवला. शांतवन उन्हातनं घरी आला. रिबका परसात भांडी घाशीत होती. ती अजून बारीकच होती. अजून आठवड्यातनं एखादा घास कुत्रीला जात होता. गेलेले केस आले नव्हते. स्थळ तर पुन्हा आलंच नाही.

मग शांतवन सवयीनं बाजा तपासायला बसला. आपली ओढली, मार्थेची ओढली. रिबकाच्या बाजेवर हात फिरवला आणि हात थांबला. मध्यभागी वीण खाली आली होती. फार नाही, ओंजळभर पाणी राहील एवढीच. झोळ पडला होता. त्यानं पायथ्याची दोरी हातात घेतली, ओढेना, तशीच धरून लहान पोरासारखा रडू लागला.

जसा रिबकाच्या बाजेला झोळ पडला, तसा तुमच्या-आमच्या लेकींच्या बाजेला पडो. ज्या घरी भरलेलं मडकं वाखाणलं जातं, त्या घरी ते भरणारी पोर आधी दिसो. लांबलेली ही कहाणी चार घासांत पुरी झाली, देवाच्या पायी पोचली. उठा बायांनो, पण हारूबाई कुंपणापलीकडून शांतवनला काय म्हणाली, तेवढं ऐकून उठा. ती म्हणाली, "आता कशाला रडतोस, भाऊ? तीन वरसं दोरी ओढावी लागली न्हाई, तवा रडायचं हुतंस. ओढ आता, पोर निजायला येईल."